पोटपाल्याची परीक्षा पाहिलेली काच

पितळी कड्यात बसवलेली, लाकडी मुठीची, भिंगाची एक जुनी काच आहे मी. मित्रांनो, माझ्या एका कडेला बुरशीचा करडा डाग पडला आहे आणि कड्याला पोचा आला आहे. भिंग म्हटलं की तुम्हाला उन्हात कागद जाळायचा खेळ आठवत असेल. माझं आयुष्य मात्र खेळात गेलं नाही. जे पाहिलं ते सांगते. ऐकायला ते फारसं गोड नाही.

माझा जन्म अंबाल्याचा. तिथल्या कारखान्यात घासून घासून मला फुगीर केलं आणि शाळा-कॉलेजांना सामान पुरवणाऱ्या एका फिरत्या विक्रेत्याच्या पेटीतून मी घोडेगावात आले. १९९१ साली झुंबरलाल शेटनी मला घेतलं. शेटचं घराणं मूळचं राजस्थानातलं, जैन. पण तीन पिढ्या घोडेगावात काढल्यावर त्यांची मराठी इथलीच झाली होती. भीमाशंकरच्या बाजूचे डोंगरातले लोक वाळवलेला हिरडा आणून त्यांच्या दुकानात घालत. पोत्यातून मूठभर हिरडा काढायचा, माझ्याखाली धरायचा आणि कीड आहे का बघायचं, हे माझं काम.

"शेट, तुमच्या त्या काचंपुढं काय बी लपत न्हाई," असं तळेघरची साळुबाई दरवेळी म्हणायची. मला ते ऐकून फार बरं वाटायचं.

साळुबाई दर हंगामात यायची. एसटी चुकली तर निम्मी वाट पायी तुडवून यायची. पाठीमागे तिचा नवरा चांगदेव, डोक्यावर पोतं घेऊन. उभं आयुष्य ओझी वाहून चांगदेवबाबांचे गुडघे गेले होते. गुडघे दुखू नयेत म्हणून ते रोज एक गोळी खात, बहुतेक वेळा रिकाम्या पोटी. गोळीने गुडघा शांत व्हायचा आणि पोटात आग पडायची. मग साळुबाई त्यांना डोंगरातल्या एका झुडपाच्या पानांचा रस द्यायची. ती त्याला पोटपाला म्हणायची.

शेटची मुलगी रीना हे सगळं ऐकत मोठी झाली. ती औषधशास्त्र शिकली आणि २००२ साली जुन्नर तालुक्यातल्या एका नव्या महाविद्यालयात पुढच्या पदवीसाठी गेली. प्रबंधाला विषय हवा होता. तिने ठरवलं, पोटपाल्याच्या पानांचा अर्क जठराच्या अल्सरपासून वाचवतो का, ते तपासायचं. अल्सर म्हणजे पोटाच्या आतल्या अस्तराला पडणारी जखम. निघताना तिने वडिलांच्या गादीवरून मला उचललं.

"पप्पा, हे नेऊ?"

"ने. पण नीट वापर," शेट म्हणाले. "ते खोटं दाखवत नाही."

तळेघरला साळुबाईने तिला कड्याखालच्या सावलीत वाढलेलं ते झुडूप दाखवलं. रीनाने पान माझ्याखाली धरलं. जाड, लवदार पान, आणि उजेडात धरल्यावर दिसणारे सुईच्या टोकाएवढे तेलाचे ठिपके. साळुबाईने माझ्यातून वाकून पाहिलं आणि हसली.

"एवढी वर्सं तोडतेय, पर त्याचं त्वांड आज बघितलं."

चांगदेवबाबा ओट्यावर गुडघा चोळत बसले होते. ते म्हणाले, "रीनाबाय, तुमच्या कालेजात काय निघंल ते आमाला बी सांगा. आमी नुसतंच पितोय."

"सांगेन बाबा. सगळं सांगेन," रीना म्हणाली.

पानं सावलीत वाळली, दळली गेली, त्यांचा अर्क झाला. मग उंदीर आले. पांढरे, लाल डोळ्यांचे. त्यांची राखण जानकूभाऊंकडे होती. प्रयोगशाळेतले जुने शिपाई, पन्नाशीचे. ते उंदरांशी बोलत, पण त्यांना नावं ठेवत नसत. "नाव ठिवलं का जड जातं, ताई," असं ते रीनाला म्हणाले होते.

प्रयोग असा होता. उंदरांना एक दिवस उपाशी ठेवायचं. काहींना नुसतं पाणी, काहींना अर्क, काहींना दवाखान्यात मिळणारं नेहमीचं औषध पाजायचं. मग सगळ्यांना अ‍ॅस्पिरिन द्यायचं. तीही दुखण्यावरचीच गोळी, तिने पोटात जखमा होतात. चार तासांनी त्यांना ईथरने मारायचं, जठर कापून उघडं करायचं, धुऊन पाटीवर टाचण्यांनी ताणून बसवायचं. आणि जखमा मोजायच्या. त्या मोजायला मी.

ज्या घरात पाणी गाळून पितात, ज्या घरात दाराशी मुंग्या आल्या तर त्यांना जपून बाजूला करतात, त्या घरातली ही मुलगी. पहिल्या दिवशी तिचा हात इतका कापत होता की मला काही धड दिसेना. जानकूभाऊंनी तिच्या हाताखाली उलटी वाटी ठेवली. "टेकवा हात. बघायचंच हाय तर नीट बघा," ते म्हणाले.

मी पाहिलं. नुसतं पाणी प्यालेल्या उंदरांच्या जठरात लाल ठिपके, काळपट रेघा, कुठे कुठे खोल खड्डे. आधी अर्क घेतलेल्यांच्या जठरात जखमा बऱ्याच कमी. पाला खरोखर वाचवत होता. तीस उंदीर झाले तेव्हा सर, म्हणजे रीनाचे मार्गदर्शक, खूश झाले.

पण रीनाला चांगदेवबाबांचं पोट आठवत होतं. त्यांना जखम आधीच असणार. तिने सरांच्या परवानगीने आणखी अठरा उंदीर घेतले. आधी जखमा केल्या आणि मग दहा दिवस निम्म्यांना अर्क पाजला, निम्म्यांना पाणी. अर्क प्यालेले उंदीर दुसऱ्याच दिवसापासून खायला लागले. निवांत दिसत होते. जानकूभाऊंनाही वाटलं, बरे झाले.

दहाव्या दिवशी जठरं उघडली. अर्क प्यालेल्यांच्याही जखमा तशाच होत्या. त्यांतल्या दोन उंदरांत तर आणखी खोल गेल्या होत्या. पाल्याने आग विझवल्यासारखी वाटत होती, पण जखम आत चरतच होती. रीना किती तरी वेळ मला डोळ्याला लावून उभी होती. मी खोटं दाखवत नाही, मित्रांनो. त्या दिवशी मला खोटं दाखवता आलं असतं तर बरं झालं असतं, असं वाटलं.

त्या रविवारी ती घरी गेली. तिची आई पानबाई पोळ्या लाटत होती.

"तुझ्या हाताला वास कसला येतो?"

रीनाने आजवर लपवलं होतं. त्या दिवशी सांगून टाकलं.

"किती?" पानबाईने विचारलं.

"अठ्ठेचाळीस."

पानबाईने लाटणं खाली ठेवलं. त्या दिवशी ती जेवली नाही. आवराआवर झाल्यावर रीनाजवळ येऊन एवढंच म्हणाली, "मारलेस ते मारलेस. आता त्या जिवांनी जे दाखवलं, त्यातलं काही झाकून ठेवू नकोस."

रीना मान हलवून "हो" म्हणाली.

पुढे काय झालं ते सांगायला मला जड जातं. प्रबंध लिहिताना सरांनी दुसऱ्या प्रयोगाचे कागद बाजूला काढले. "आपल्या प्रबंधाचं नाव संरक्षण आहे, उपचार नाही. हे घातलं की परीक्षक शंभर प्रश्न विचारतील. पुढे कधीतरी वेगळं छापू." सर दुष्ट नव्हते. त्यांना घाई होती. रीनालाही घाई होती. ते कागद एका पिवळ्या फायलीत गेले, फाईल कपाटात गेली. २००४ च्या मे महिन्यात प्रबंध सादर झाला.

जूनमध्ये तालुक्याच्या एका साप्ताहिकात बातमी आली. 'घोडेगावच्या कन्येचे संशोधन : डोंगरातला पाला अल्सरवर गुणकारी'. शेजारी रीनाचा फोटो, हातात मी. झुंबरलाल शेटनी ते पान दुकानात लावलं. लोक येऊन वाचत, पेढे खात. माझं आयुष्यातलं सगळ्यात मोठं कौतुक तेच. रीनाने पप्पांना म्हटलं, "मथळा बरोबर नाही. तळेघरला जाऊन साळुबाई मावशीला नीट सांगून येते." पण तोंडी परीक्षा होती, मग नोकरीची मुलाखत होती, मग घाटात दरड पडून रस्ता बंद होता. जाते जाते म्हणत दोन महिने गेले.

ऑगस्टच्या शेवटी तळेघरचा एक माणूस दुकानात आला आणि चांगदेवबाबा गेल्याचं सांगून गेला. रीना दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीने निघाली. मी तिच्या पर्समध्ये होते.

ओट्यावर साळुबाई बसली होती. डोळे कोरडे. विचारायच्या आधीच ती बोलायला लागली.

"उन्हाळ्यात डाक्टर म्हनला व्हता, पोटात नळी घालून बघाया लागंल. मंचरला जावा. शी काळी व्हत व्हती त्यांची, डांबरावानी. तेवढ्यात तुझं पेपरात आलं. हे म्हनले, आता कशाला नळी? कालेजानं बी तेच सांगितलं. दोन टायमाला पाला प्याले. आग थांबली. लई खूस व्हते. गुडघ्याची गोळी बी चालूच व्हती. आन त्या दिशी भाताच्या खाचरात चिखलातच बसले पोट धरून. पोट पाटावानी कडक. झोळी करून रस्त्यावर आणलं. जीप गावली, पर घोडेगावच्या अलीकडंच..."

ती थांबली. मग रीनाकडे बघून म्हणाली, "पाला फसवा हाय का गं?"

रीनाने खाली बसून सगळं सांगितलं. दुसरा प्रयोग, अठरा उंदीर, खाणारे-पिणारे, आणि आतल्या जखमा तशाच. बाबांची जखमही तशीच आत चरत जाऊन फुटली असणार.

"हे तुला कदी कळलं?"

"फेब्रुवारीत, मावशी."

साळुबाईने बोटांवर महिने मोजले. घरात कोणीतरी भांडी घासत होतं, तो आवाज येत राहिला. मग ती हळू आवाजात म्हणाली, "आमाला सांगाया तुला सा म्हैनं लागलं व्हय?"

रीना तिच्या पायांकडे वाकली. साळुबाईने पाय मागे घेतले आणि उठून आत गेली.

रीनाने पिवळी फाईल काढली. दुसरा प्रयोग स्वतःच्या नावावर लिहून विद्यापीठाला पाठवला. सर रागावले, त्यांनी बोलणं टाकलं. साप्ताहिकाने खुलासा छापला, तो आतल्या पानावर, जाहिरातीच्या खाली, तीन ओळींचा. शेटनी दुकानातलं ते पान काढलं. मला रीनाने प्रयोगशाळेच्या कपाटात ठेवलं आणि ती निघून गेली. मला हातात घेणं तिला नको होतं.

तीन वर्षं मी त्या दमट कपाटात पडून होते. हा बुरशीचा डाग तिथलाच. कुणीतरी माझ्यावर बरण्या ठेवल्या, त्यांनी कड्याला पोचा आला. अठ्ठेचाळीस जठरं मी एकटीच पुन्हा पुन्हा बघत होते. २००७ साली जानकूभाऊ निवृत्त झाले. जाताना त्यांनी मला धोतराच्या सोग्याने पुसलं आणि घोडेगावला रीनाकडे आणून दिलं. "तुमचं हाय, ताई. आंधारात बरं न्हाई," ते म्हणाले.

रीनाने तोवर एसटी स्टँडसमोर औषधांचं दुकान काढलं होतं. पाकिटावरची बारीक तारीख वाचायला ती मला वापरू लागली. आणि दुखण्याची गोळी मागणाऱ्या प्रत्येकाला ती दोन प्रश्न विचारी. पोटात आग पडते का? शी काळी होते का, म्हणजे आत रक्त जातंय का? लोकांना लाज वाटे, काही चिडत. "गोळी द्या, चौकशा कशाला?" ती विचारायची थांबली नाही.

एके दिवशी दुपारी साळुबाई दुकानात आली. चार वर्षांनी. खूप वाळली होती. रीनाच्या हातातली मी काउंटरवर पडले.

"दुखायची गोळी दे."

"मावशी, पोटात..."

"माज्यासाठी न्हाई," साळुबाई म्हणाली. तिने मागे बोट दाखवलं. स्टँडच्या बाकावर एक म्हातारा पोटाशी हात धरून बसला होता. "आमच्या वाडीचा कुशाबा. गुडघ्याला गोळी खातो आन माज्याकडं पाला मागतो. मी सांगती तर ऐकत न्हाई. म्हनतो, तुला काय कळतं. तू सांग."

रीना काउंटरच्या बाहेर आली.

"आन समदं सांग," साळुबाई म्हणाली. "अर्दं नगं."

रीना बाकापाशी जाऊन कुशाबासमोर उकिडवी बसली. ती कितीतरी वेळ बोलत होती. पोटाची जखम कशी असते ते तिने तळहातावर बोटाने काढून दाखवलं. साळुबाई दुकानाच्या पायरीवर पाठमोरी उभी होती, वळून तिने एकदाही पाहिलं नाही. कुशाबा उठून मंचरच्या गाडीत चढला तेव्हा ती तळेघरच्या गाडीकडे चालायला लागली. रीनाने मागून हाक मारली. ती थांबली नाही.

मित्रांनो, झाडपाला खोटा नसतो आणि प्रयोगही खोटा नसतो. माणसं त्यातलं निम्मं सांगतात आणि निम्मं कपाटात ठेवतात. तुमच्या घरात कुणी रोज दुखण्याची गोळी खात असेल तर त्याच्याजवळ बसा, त्याला विचारा, लाजू नका. आणि तुम्हाला कधी काही कळलं, ते कुणाच्या जिवाशी निगडित असलं, तर बस चुकली तरी पायी जा. त्याच दिवशी जा.