नऊ तास दहा मिनिटं

आपली बायको ग्लेनिस गेली हे ट्रेव्हर ब्लांचर्डला वॉर्डच्या दारात कळलं. फेब्रुवारीतली दुपार, तीन वाजून गेले होते. एरवी बसल्या जागेवरून मान हलवणारी नर्स त्याला बघून उठून उभी राहिली. ती उठली तेव्हाच तो काय ते समजला.

"अर्धा तास झाला," ती म्हणाली. "तुम्हाला फोन लावत होतो आम्ही."

"माफ करा," ट्रेव्हर म्हणाला. सकाळी वॉर्डात बंद केलेला फोन त्यानं पुन्हा चालूच केला नव्हता.

सकाळी सव्वाआठपासून तो तिच्या उशाशी बसला होता. अकराच्या पुढे तिच्या श्वासाचा आवाज बदलला. घरघर व्हायची, मग सगळं थांबायचं, मग पुन्हा घरघर. ग्रिम्सबीच्या गोदीत चाळीस वर्षं मासे चिरलेला माणूस, पण तो आवाज त्याला ऐकवेना. "धुतलेला गाऊन घेऊन येतो," असं तिच्या कानाशी म्हणून तो निघाला, आणि घरी गेलाच नाही. गाडी क्लीथॉर्प्सच्या किनाऱ्याला लावली. मासा-चिप्स घेऊन गाडीत बसून खाल्ले. ओहोटी होती, नुसता चिखल दिसत होता. आता निघू, आता निघू म्हणता म्हणता दोन तास गेले.

संध्याकाळी ब्रिस्टलहून लेकीचा, लोरेनचा फोन आला. ती आधी रडली, मग म्हणाली, "तू होतास ना बाबा तिच्याजवळ?"

"होतो गं," ट्रेव्हर म्हणाला.

तोंडातून निघून गेलं ते गेलं. अंत्यविधीत पाद्रीबुवांनीही तेच सांगितलं, की नवऱ्याचा हात हातात धरून ती गेली. ग्लेनिसच्या बहिणींनी त्याची पाठ थोपटली. खालमानेनं त्यानं थोपटून घेतली.

त्यानंतर चारच दिवसांनी पहिलं पत्र आलं. हॉस्पिटलसमोरच्या दुकानांचं पार्किंग चार तास फुकट असतं, भेटायला येणारे सगळे तिथेच गाडी लावतात. ते पार्किंग एक खाजगी कंपनी सांभाळते. माणूस कुणी नसतो, फाटकावर कॅमेरा. पत्रात त्याच्या गाडीचे दोन फोटो होते. आत शिरताना आठ दहा, बाहेर पडताना पाच वीस. मुक्काम नऊ तास दहा मिनिटं. आकार शंभर पौंड.

मधलं दुपारचं किनाऱ्यावर जाणं-येणं कॅमेऱ्यानं धरलंच नव्हतं. ट्रेव्हरनं दोन्ही फोटो पुन्हा बघितले. पत्र खोटं होतं, आणि तो लोरेनशी जे बोलला होता तेच पत्रात छापलं होतं.

इथे इंग्लंडात दुसऱ्यानं आपल्या पायावर पाय दिला तरी माफी आपणच मागतो, आणि ट्रेव्हर तर त्यातला पुढचा. त्यानं कंपनीला चांगल्या अक्षरात चिठ्ठी लिहिली: माझी बायको त्या दिवशी वारली, गाडी जास्त वेळ राहिली याबद्दल मनापासून क्षमस्व, पुन्हा असं होणार नाही. गोदीवर एवढ्यावर भांडणं मिटायची. त्याला वाटलं, मिटलं.

एप्रिलमध्ये दुसऱ्याच नावाचं पत्र आलं. क्रॉसगेट रिकव्हरी, थकबाकी वसूल करणारी कंपनी. वर लाल पट्टा, शंभराचे एकशे सत्तर झालेले. 'आपण चूक लेखी मान्य केली आहे.' खाली जाड अक्षरात, 'न्यायालयीन कारवाई, जप्ती अधिकारी, आपल्या राहत्या घरी.' मे महिन्यात अजून एक. मग दर पंधरवड्याला. ट्रेव्हर एकेक पत्र दहा-दहा वेळा वाचायचा. अंत्यविधीचा हप्ता पेन्शनमधून कापला जात होता. एकशे सत्तर आणायचे कुठून?

शेजारच्या डगीला त्यानं कुंपणावरून सहज विचारावं तसं विचारलं, "जप्तीवाले येतात ते काय काय नेतात रे?"

"का? दरोडा घातलास का कुठे?" डगी हसला. "आमच्या मेव्हण्याकडे आले होते. टीव्ही नेला, गाडी नेली. बायको नेली असती तर त्यानंच चहा पाजला असता त्यांना. एक ऐक, दार उघडायचं नाही. पाय आत पडला की संपलं."

डगीनं गंमत केली आणि गेला. ट्रेव्हरनं पुढच्या खोलीचे पडदे ओढले ते पुन्हा उघडलेच नाहीत. पाव-दूध आणायला तो मागच्या गल्लीतून जायचा. पोस्टमनचं पाऊल वाजलं तरी जिन्याखाली जाऊन उभा राहायचा. ग्लेनिसचं शिवणयंत्र त्यानं चादरीत गुंडाळून पलंगाखाली सरकवलं.

जूनमधल्या एका शनिवारी भर दुपारी दारावर धडाधडा थापा पडल्या. ट्रेव्हर स्वयंपाकघरात जमिनीवर बसला, कपाटाला पाठ लावून. थापा थांबल्या. दारातल्या पत्रांच्या फटीचं झाकण उचललं गेल्याचा आवाज आला.

"बाबा! अरे मी आहे! आतून साखळी का लावलीस?"

त्यानं दार उघडलं, पण त्याआधी साखळी दोनदा हातातून सुटली. लोरेननं त्याच्याकडे पाहिलं, पडद्यांकडे पाहिलं, आणि हातातली पिशवी खाली ठेवली.

"कुणाला घाबरतोयस तू?"

त्यानं टेबलाकडे बोट दाखवलं. लोरेन उभ्यानंच एकेक कागद वाचत गेली. तिचे कान लाल झाले.

"नऊ तास!" ती म्हणाली. "मरणाऱ्या बायकोपाशी माणूस नऊ तास बसतो आणि हे मेले त्याचं भाडं मागतात? एक पेनी द्यायची नाही, बाबा. मी पेपरात देते हे. तुझ्या फोटोसकट."

"फोटो नको गं."

"का नको? तू काय चोरी केलीस?"

ट्रेव्हर चहा करायला वळला. किटली रिकामी असताना त्यानं बटण दाबलं.

सोमवारी तिनं त्याला लायब्ररीत नेलं. तिथे दर सोमवारी मोफत सल्ला मिळतो. मिसेस पार्जेटर नावाच्या बाई बसतात, बँकेतून निवृत्त झालेल्या. त्यांनी गठ्ठा घेतला आणि पत्त्यांसारखा टेबलावर मांडला.

"मिस्टर ब्लांचर्ड, हा दंड नाही. कोर्टानं लावलेला नाही, नगरपालिकेनं नाही. एका कंपनीनं पाठवलेलं हे बिल आहे. आणि हे लाल पट्टेवाले, यांना तर काही म्हणजे काही अधिकार नाही. नीट वाचा बरं. 'होऊ शकते', 'येऊ शकतात', 'संभव आहे'. होणार असं एका ओळीत तरी लिहिलंय?"

"पण घरी येतील असं..."

"येऊ देत. पोस्टमनला जेवढा हक्क तेवढाच त्यांना. आधी कोर्टात जिंकायला लागतं, मग तुम्ही पैसे थकवलेले असावे लागतात, मगच जप्तीवाले. यातलं काहीही झालेलं नाही. तुम्ही घाबरावं एवढंच यांचं काम."

"बघ!" लोरेननं त्याच्या खांद्यावर हात मारला. "पलंगाखाली शिवणयंत्र लपवलंय यानं, बाई. मी काल बघितलं."

ट्रेव्हरला हसू आलं. फेब्रुवारीनंतर पहिल्यांदाच.

"आणि हे?" मिसेस पार्जेटर म्हणाल्या. गठ्ठ्याच्या तळाशी एक पांढरा लिफाफा होता, न फोडलेला. लाल पट्टा नाही, जाड अक्षर नाही.

"ते पाण्याच्या बिलाचं असेल," ट्रेव्हर म्हणाला. साध्या लिफाफ्याची त्याला भीती वाटली नव्हती, म्हणून तो तसाच पडला होता.

बाईंनी लिफाफा फोडला. वाचता वाचता त्यांनी चष्मा सारखा केला. "हे मात्र कोर्टातून आलंय. पार्किंग कंपनीनं दावा लावलाय. तारीख दहा दिवसांपूर्वीची. उत्तर गेलं नाही तर निकाल आपोआप त्यांच्या बाजूनं लागेल, आणि मग ते सगळं खरं होईल." त्यांनी लाल पट्ट्यांच्या गठ्ठ्याकडे मान हलवली.

ट्रेव्हर खुर्चीतून अर्धा उठला.

"घाबरू नका, वेळ आहे. दावा मिळाला एवढं आज कळवलं की म्हणणं मांडायला अजून दोन आठवडे मिळतात. या कॅमेऱ्यांची एक नेहमीची खोड आहे. माणूस दिवसात दोनदा आला तर पहिलं येणं आणि शेवटचं जाणं तेवढं धरतात, मधलं गाळतात. तसं असेल तर तुमच्या माफीच्या चिठ्ठीनंही काही बिघडत नाही, दावाच पडतो. मधे कुठे गेला होतात का तुम्ही? कार्डानं काही घेतलं असेल तर बँकेच्या कागदावर वेळ सापडेल."

बँकेचा कागद घरी होता. एक वाजून बारा मिनिटं, चिप्सचं दुकान, क्लीथॉर्प्स. ट्रेव्हरनं तो कितीदा तरी काढून बघितला होता.

"छे हो," लोरेनच बोलली. "हा कुठे जाणार? आई जाईपर्यंत हात सोडला नाही यानं. हो ना बाबा?"

बाई ट्रेव्हरकडे बघत राहिल्या. लोरेनही बघत राहिली. तिचा हात अजून त्याच्या खांद्यावर होता.

"मला आठवत नाही," ट्रेव्हर म्हणाला.

"आठवून बघा," मिसेस पार्जेटर हळू म्हणाल्या. "नऊ तास बसलो असं लिहिलंत तर त्यांचंच म्हणणं खरं होईल. न्यायाधीशाला वाईट वाटेल, पण पैसे भरायला लावेल. खालच्या रकान्यात त्या दिवशी काय झालं ते तुमच्या शब्दांत लिहायचं, खाली हे सगळं खरं आहे म्हणून सही करायची. आणि त्याची एक प्रत तुमच्या मुलीकडे ठेवा, म्हणजे तारखा ती सांभाळेल."

दावा मिळाल्याचं त्यांनी तिथेच कळवून टाकलं. लोरेन मंगळवारी ब्रिस्टलला परत गेली. जाताना तिनं पुढच्या खोलीचे पडदे उघडले, आणि रोज रात्री जेवण झालं की फोन करत जा असं बजावलं. तो रोज करतो. फॉर्म भरलास का, असं ती विचारते. भरतोय, असं तो सांगतो.

उत्तर पोचायला आता सहा दिवस उरलेत. फॉर्मवर ट्रेव्हरनं नाव, पत्ता आणि गाडीचा नंबर लिहिलाय. मोठा रकाना कोरा आहे, आणि लोरेनला त्यानं अजून काही सांगितलेलं नाही.