दोन गाठींची मिरची

राजनंदिनीच्या शेडनेटच्या, जाळीच्या मांडवाच्या, दाराला बाहेरून कुलूप असे आणि ती आत असली की आतून दोरी. मिरचीच्या झाडांना कुलूप कशाला, असं आईने एकदा विचारलं तर म्हणाली, "तुझ्यासारखी माणसं आत येऊ नयेत म्हणून." जाफराबादजवळच्या त्या वस्तीवर तिच्याशी आपणहून बोलायला जाणारा एकच उरला होता, शेजारच्या शेतातला कल्याण. शाळेपासून तिची बोलणी खाऊन तो हसायचा. त्या हसण्याचाच तिला जास्त राग यायचा.

बियाण्याच्या मिरचीत कळी उमलायच्या आत, आदल्या संध्याकाळी, तिच्यातले पुंकेसर चिमट्याने काढायचे. सकाळी नर म्हणून लावलेल्या दुसऱ्या वाणाच्या झाडाचा पराग लावायचा आणि देठाला लाल दोरा बांधायचा. दोऱ्याचं फळ बियाण्याचं, बाकीची तोडून टाकायची. बियाणे कंपनीच्या तपासणीत प्लॉट पास झाला तर शेडनेट राजनंदिनीचं, नापास झाला तर पुतण्या सोमेश्वरचं, असं तिचे वडील रामप्रसाद चार माणसांत बोलून बसले होते.

तापातून उठून ती आत गेली, तर मधल्या ओळीत नवे दोरे. ती एकच गाठ मारायची. इथे दोन होत्या.

"कल्याण्या! माझ्या नेटात कोण गेल्तं?"

"मी गेल्तो," तो बांधावरून खुशीत म्हणाला. "काकूंकडून चावी घेतली. म्हटलं, तुझं काम अडून राह्यलंय."

"पुंकेसर कधी काढले?"

"सकाळीच. लगेच पराग लावला."

"सकाळी? मंग कळ्या उमलल्या व्हत्या!"

"काही व्हत्या. पण पुंकेसर बराबर काढले ना. गाठ बी डबल मारली, सुटू नये म्हणून."

"उमललेल्या फुलात त्याचाच पराग पडलेला असतो, येड्या! ते बी भेसळीचं. अन् वर माझा दोरा बांधला. सोमेश्वरला जमलं न्हाई ते तू केलं."

"नंदे, मी तुझ्यासाठी..."

"माझ्यासाठी न्हाई. मला इचारलं असतं तर मी न्हाई म्हणले असते. म्हणून इचारलं न्हाईस. खरं का खोटं?"

कल्याणचं हसू पहिल्यांदाच गेलं. "खरं," तो म्हणाला.

"मंग तोड. दोन गाठींचं सगळं."

"त्यातले काही चांगले असतील की."

"कोणते? दाखव."

त्याला दाखवता येईना. खाली मान घालून तो तोडायला लागला. ती कंबरेवर हात ठेवून उभी राहिली, एकदाही 'पुरे' म्हणाली नाही. ओळीच्या टोकाशी त्याचा हात थांबला.

"इथं एकच गाठ हाय. ही तुझी. राहू देऊ?"

तिने वाकून पाहिलं. "राहू दे."

तिथून तो सरळ रामप्रसादांकडे गेला आणि सोमेश्वरच्या देखत सगळं सांगितलं. सोमेश्वर खदाखदा हसला. रामप्रसादांनी मागोमाग आलेल्या मुलीकडे पाहिलं.

"भेसळ राह्यली का आत?"

"बिलकुल न्हाई. ओळ गेली, प्लॉट साफ हाय."

"मंग हसतो कशाला रे?" रामप्रसाद सोमेश्वरवर खेकसले.

अंगणात कल्याण घुटमळत होता. "संध्याकाळी येऊ का, पुंकेसर काढायला?"

"दारातून आवाज दे. उघडायचं का न्हाई, मी बघीन."

संध्याकाळी त्याने आवाज दिला. राजनंदिनीने हातातली ओळ शेवटापर्यंत नेली, चिमटा पुसला, आणि मग दोरी सोडली.