सासूबाईंच्या तीन बॅगा

दोन दिवस पाण्यात डुंबायला निघालेल्या बाईला असे किती कपडे लागतात? माझ्या सासूबाई तीन मोठ्या बॅगा घेऊन आल्या होत्या. डिकीत दोनच बसल्या. तिसरी माझ्या पायाशी आली आणि सगळा प्रवास मी गुडघे हनुवटीला टेकवून केला.

"आईंनी एवढं काय घेतलंय?" मी नवऱ्याला हळूच विचारलं.

"असेल काहीतरी. वय झालंय तिचं," असं म्हणून त्याने रेडिओचा आवाज वाढवला.

माझा नवरा विमा विकतो. समोरच्याला जे ऐकायचं असतं तेच ऐकवण्यात त्याचा हातखंडा. ही सहलही त्याने मला अशीच विकली होती. भल्यामोठ्या काचेच्या छताखालचं वॉटर पार्क, बाहेर काहीही हवा असो, आत पाणी कोमट. शिवाय नुकतंच नूतनीकरण झालेलं, सगळं कोरं करकरीत. "तू नुसती पाय पसरून बस," तो म्हणाला होता. दिवसभर चष्म्याच्या दुकानात लोकांना 'हे अक्षर दिसतं का, ते दिसतं का' विचारून माझा जीव विटलेला. मी लगेच हो म्हटलं.

नूतनीकरण झालं होतं ते दर्शनी भागाचं. स्वागतकक्ष आरशासारखा चकचकीत, आणि आमच्या खोलीकडे जाणाऱ्या बोळात प्लास्टिकचा पडदा, पडद्यामागे ड्रिलची घरघर. किल्ली नव्हती, त्याऐवजी मनगटाला रबरी पट्टा. ओला झाला की दार उघडत नसे, आणि वॉटर पार्कमध्ये तो कोरडा कुठून राहणार? खोलीत रंगाचा वास इतका की आमच्या धाकट्या मुलाने आत शिरताशिरताच शिंकायला सुरुवात केली. दाराच्या चौकटीला टेकले तर ब्लाउजच्या पाठीवर पांढरा पट्टा उमटला. न्हाणीघरात नळ निळ्या खुणेकडे फिरवला की पाणी कढत यायचं.

मी खाली जाऊन तक्रार केली. काउंटरवरची मुलगी गोड हसली. "मॅडम, नवीन सिस्टीम आहे ना."

पट्ट्याचं सांगितलं, तरी तेच. रंगाचं सांगितलं, तरी तेच. मी पाय आपटत परत आले.

"तू ना, चांगलं बघायलाच तयार नसतेस," नवरा म्हणाला. "चल, त्या निळ्या घसरगुंडीवर जाऊ. सगळ्यात उंच आहे."

"तू जा. मी आईंजवळ बसते."

तो आमच्या मुलीला घेऊन वर गेला. ती बारा वर्षांची, पाण्यात मासोळी. थोड्या वेळाने निळ्या नळीच्या तोंडातून ती एकटीच धप्पकन तळ्यात पडली आणि केस निथळत माझ्याकडे आली.

"आई, बाबा वरच बसलेत. कठडा सोडतच नाहीत. मागे केवढी रांग लागलीये! तू वर जा ना, मला लाज वाटतेय."

माझ्याच कपाळी हे का, असं म्हणत मी चष्मा सासूबाईंकडे दिला आणि जिना चढले. चष्म्याशिवाय मला हातभरापलीकडचं सगळं धुकं. तरी वर पोचल्यावर नवरा ओळखू आला, कारण दोन्ही हातांनी कठड्याला मिठी मारून बसलेलं माणूस तिथे एकच होतं. मागे मुलांचा कलकलाट चालला होता. "काका, सरका ना!"

"ऊठ. जिन्याने खाली जाऊ," मी म्हटलं.

"जिना फक्त चढायला आहे," तिथला रक्षक म्हणाला. "खालचं फाटक एकाच बाजूने उघडतं. आता खाली जायचं तर नळीतूनच." मी काही बोलणार तेवढ्यात त्यानेच वाक्य पुरं केलं, "नवीन सिस्टीम आहे."

दोघांसाठीची एक हवेची गादी होती. मी पुढे बसले. नवरा माझ्या पाठीला असा चिकटला की मला श्वास घेता येईना. रक्षकाने ढकललं आणि आम्ही त्या निळ्या अंधारात शिरलो. एक वळण, दुसरं वळण, आणि पाण्याचा आवाज एकदम थांबला. गादी खरडत खरडत जागच्या जागी थबकली.

"घाबरू नका!" वरून आवाज घुमत आला. "पंप बंद पडलाय! आहात तिथेच बसा!"

"आहोत तिथेच बसणार, जाणार कुठे?" मी ओरडले. माझाच आवाज नळीत फिरून मला ऐकू आला.

नवरा मागे चुळबुळला. मग म्हणाला, "तुला एक सांगायचं होतं."

"आत्ता? इथे?"

"इथून तुला उठून जाता येणार नाही, म्हणून."

मी मागे वळायला गेले, पण नळीत तेवढीही जागा नव्हती.

"आई आता आपल्याकडेच राहणार आहे. तिचे गुडघे... तिसरा मजला, लिफ्ट नाही. तिने भाड्याचं घर सोडलं. तुला इथे निवांत सांगावं म्हटलं."

तीन बॅगांचा उलगडा झाला. "मला न विचारता त्यांना ये म्हणालास?"

"मी नाही म्हणालो." तो अडखळला. "म्हणजे... तूच म्हणालीस, असं सांगितलं. तूच मागे लागली आहेस म्हणून. त्याशिवाय ती ऐकत नव्हती गं."

मी तोंड उघडलं आणि त्याच क्षणी पंप सुरू झाला. त्याला जे काही ऐकवायचं होतं ते सगळं पाण्यासकट माझ्या नाकातोंडात गेलं. आम्ही उलटेपालटे होऊन तळ्यात आदळलो.

खोकत काठावर आले तर सासूबाई टॉवेल आणि माझा चष्मा घेऊन उभ्या. माझे खांदे पुसता पुसता त्या म्हणाल्या, "लागलं नाही ना? किती गुणाची गं तू. मला या वयात कोणी इतक्या आग्रहाने बोलावेल, असं वाटलं नव्हतं."

मी चष्मा लावला, तर त्यांच्या मागे निथळत उभा राहून नवरा मला हात जोडत होता.

बोलू नये असं वाटलं. पण मनात आलं, आज गप्प बसले तर जन्मभर हे खोटं माझ्या नावावर चालेल.

"आई, मी बोलावलं नव्हतं," मी म्हटलं. "मला आत्ता कळलं. त्या नळीत."

त्यांचा हात थांबला. चेहरा खर्रकन उतरला. मग त्या वळल्या आणि मुलाला म्हणाल्या, "तू पोरांना घेऊन पलीकडे जा. संध्याकाळपर्यंत दिसू नकोस."

तो गेला. आम्ही दोघी लहान मुलांच्या उथळ तळ्यात पाय सोडून बसलो.

"मी बहिणीकडे जाते," त्या म्हणाल्या.

"त्यांच्याकडे जागा आहे?"

"नाही." त्या पाण्यात पाय हलवत राहिल्या. "त्याने बोलावलं असतं तर मी घर सोडलं नसतं. लहानपणापासून हा असाच. कुत्र्याचं पिल्लू घरी आणलं. मला म्हणाला बाबांनी आणायला सांगितलं, बाबांना म्हणाला आईने. चार दिवस आम्ही दोघं एकमेकांवर धुमसत होतो."

मला हसू आलं, आणि आलं याचाच राग आला. "मला विचारलं असतं तर मी कदाचित नाही म्हटलं असतं," मी खरं ते सांगून टाकलं.

"मीही माझ्या सासूला नाहीच म्हटलं असतं," त्या म्हणाल्या. "मला विचारलं कोणी नाही, ही गोष्ट वेगळी."

तिथे सगळं ठरलं असं नाही. पण एक गोष्ट ठरली. एकमेकींबद्दल काही हवं असेल, खुपत असेल, तर थेट बोलायचं. मधला माणूस नको. त्या रात्री मधल्या माणसाला पोरांच्या दुमजली पलंगावर वरती झोपवलं. छत इतकं जवळ होतं की सकाळी तो कपाळावर पांढरा रंग घेऊन उतरला.

सासूबाई आमच्याकडे राहायला आल्या त्याला आता वर्ष होत आलं. दुधात साखर पडली वगैरे काही नाही. त्या माझे डबे हलवतात, मला चमचा सापडत नाही. मी दारं आपटते, त्यांना दचकायला होतं. आठवड्यातून एकदा तरी आमची वाजते. पण वाजते ती समोरासमोर.

परवाच नवरा कामावरून आला आणि बूट काढता काढता म्हणाला, "आई म्हणत होती, सुट्टीत कुठेतरी जायला हवं."

मी तिथूनच हाक मारली, "आई, तुम्ही असं म्हणालात?"

"मुळीच नाही!" आतून उत्तर आलं.