माईंचा शुक्रवार

शिंप्याच्या दुकानावरचा हॉल बायकांनी खच्चून भरला होता. जिन्यात चपलांचा ढीग, आत श्वास घ्यायला जागा नाही. समोरच्या खुर्चीत बसलेल्या माईंनी बोट वर केलं, "शुक्रवार!" आणि हॉलभर हुंकार उठला. माई देत त्या चूर्णाची पुडी घेणारीची मासिक पाळी माई सांगतील त्याच शुक्रवारी यायची. जन्मात जिची तारीख जुळली नाही, तिचीसुद्धा. एखादीची गुरुवारी आली तर तिची श्रद्धा जास्त, शनिवारी आली तर कमी. माई कुठूनही जिंकायच्या.

"गर्भाचं घर आधी झाडून-पुसून घ्यावं लागतं, बाळांनो," त्या सांगायच्या. "एकवीस दिवस पुडी, सात दिवस शक्तीला विश्रांती. घर लख्ख झालं की पाहुणा आपणहून येतो."

शर्टांच्या कारखान्यातली चेकरबाई दोन वर्षं त्या पाहुण्याची वाट बघत होती. वय एकोणचाळीस, पदरी मूल नाही. धाकट्या जावेनं तिला इथं आणलं. जावेला दोन मुलं होती. तिचा फक्त तारखांचा घोळ होता, तो पुडीनं मिटला. पुढे कारखान्यातल्या नऊ जणींनी एकाच मंगळवारी पुडी सुरू केली. मग दर चौथ्या शुक्रवारी नऊच्या नऊ जणी पोट धरून बसायच्या आणि सुपरवायझर कपाळाला हात लावायचा. याहून मोठा पुरावा कुणाला हवा होता? शर्टातला एक सुटलेला टाका बोटानं चाचपून काढणारी चेकरबाई ती पांढरी पूड डोळे झाकून गिळत राहिली.

मग तिची डावी पोटरी दुखायला लागली. उभ्याचं काम, दुखायचंच, असं म्हणून तिनं दोन दिवस काढले. तिसऱ्या दिवशी पाय सुजून लाल झाला, तेव्हा जावेनं तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी तपासणी करून घेतली. शिरेत रक्ताची गुठळी होती.

"फुप्फुसात गेली असती तर जिवावर बेतलं असतं. कुठल्या गोळ्या घेता?"

"गोळ्या नाही. माईंची पुडी."

"एकवीस दिवस घ्यायची, सात दिवस बंद? आणि बंद केल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी पाळी?"

जाऊ चमकली. "तुम्हाला कसं कळलं, डॉक्टर?"

"अंतर्ज्ञान नाही हो. काही गोळ्यांच्या पाकिटावरच हे छापलेलं असतं." मग त्या चेकरबाईकडे वळल्या. "डोकं दुखायच्या आधी डोळ्यांपुढे चमकत्या नागमोडी रेषा येतात?"

"येतात. माई म्हणाल्या, शक्ती जागी होतेय."

"ही गोळी तुम्हाला कुणी द्यायलाच नको होती, त्याची ती खूण आहे." त्यांनी चिठ्ठी लिहायला घेतली. "पुडी तपासायला पाठवू. पण माझा अंदाज सांगते. ही गर्भनिरोधक गोळी आहे, कुटून दिलेली. मूल होऊ नये म्हणून घेतात ती."

चेकरबाईला रडू आलं नाही. रागही आला नाही. कुणीतरी तिसऱ्याच बाईबद्दल बोलत असावं, तसं ती ऐकत राहिली. गोळी बंद झाली की गर्भ राहू शकतो, डॉक्टर सांगत होत्या. पण आता गुठळीचं औषध काही महिने चालणार, ते चालू असेपर्यंत दिवस जाऊ द्यायचे नाहीत. तिनं मान हलवली. आत सगळं बधिर झालं होतं.

"म्हणजे गोळीच वाईट?" जावेनं विचारलं.

"नाही. तुम्हाला आणखी मूल नको असेल तर कदाचित चालेलही. पण आधी रक्तदाब बघायचा. पस्तिशी उलटून सिगारेट ओढता का, कधी गुठळी झाली होती का, डोळ्यांपुढे अशा रेषा आणणारी अर्धशिशी आहे का, हे विचारायचं. पाय सुजला, छातीत दुखलं, धाप लागली तर लगेच यायचं. पुडीवर यातलं काय लिहिलंय?"

पुडीवर काहीच लिहिलेलं नव्हतं. आठवड्याभरात तपासणीची चिठ्ठी आली. डॉक्टरांचा अंदाज खरा होता.

पुढच्या सोमवारी दोघी जावा हॉलमध्ये गेल्या. माईंनी बोट वर केलं, "येता शुक्रवार!"

जाऊ उभी राहिली. "माई, माझी आजच आली. डॉक्टरांना विचारून मी गेल्या शुक्रवारपासून पुडी बंद केली होती. ज्या दिवशी थांबवाल, त्यानंतर तीन-चार दिवसांनी येते. यात शक्ती-बिक्ती काही नाही, ही गोळी आहे."

"तुझी श्रद्धा ढळली!"

"माझी ढळली नव्हती," चेकरबाई बसल्या जागेवरून म्हणाली. पायाला पट्टा होता, जावेच्या आधारानं जिना चढून आल्यावर आता उठवत नव्हतं. आवाज सपाट होता, तरी शेवटच्या रांगेपर्यंत पोचला. "दोन वर्षांत एक दिवस चुकवला नाही. मूल मागायला येत होते आणि मूल न होण्याचं औषध घेत होते. हे घ्या, तपासणीचा कागद. माई, मला तुमच्याकडून काही नको. फक्त बायांनो, कुणी काही खायला दिलं तर आधी त्या औषधाचं नाव विचारा. नाव सांगत नसेल तर घेऊ नका."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पहिल्या रांगेतल्या एका नव्या नवरीनं ओंजळीतली पुडी हळूच उघडली आणि माईंपुढे धरली.

"माई, यात काय आहे?"

माईंनी वरच्या छताकडे बघितलं. मुलगी हात पुढे धरून उभीच राहिली. मग तिच्या मागची उठली, मग तिच्या मागची.