स्वरूपाच्या खेळातली मेंढरं

१९९८ साली बारामतीच्या कॉम्प्युटर क्लासात कळंबच्या स्वरूपानं मेंढरं वळवायचा खेळ लिहिला. एकेका हुकमाला प्रोग्रॅमच्या चार-चार ओळींचं लचांड होतं, म्हणून 'वळीव' म्हणजे या ओळी आणि 'थांबीव' म्हणजे त्या, असं तिनं सुरुवातीलाच एकदा लिहून ठेवलं. पुढचा सगळा खेळ तिच्या मेंढपाळ आज्याच्या त्या दोन शब्दांवर चालायचा.

क्लासाच्या प्रदर्शनाच्या सकाळी तिचा क्लासातला जोडीदार रणजित यानं सुरुवातीच्या त्या ओळीच पुसल्या. मेंढरं जागची हलेनात.

"प्रोग्रॅम उघडला की पहिलं तेच दिसतं. पाहुणे गावठी म्हणून हसले असते," तो म्हणाला.

स्वरूपाचं डोकं फिरलं. "शब्द ठेवलंस आन् अर्थ पुसलास व्हय रं? मशीन काय माझ्या आज्यामागं रानात हिंडलंय?"

पाहुणे दारात आले तरी ती त्या ओळी पुन्हा लिहीत होती. "हसू दे त्यास्नी. पण मेंढरं चालताना बघून हसू दे."