गवतावर राहिलेला हातमोजा

मी एक जुना, काळा पडलेला चामडी हातमोजा आहे. मित्रांनो, आता माझी बोटंही नीट उभी राहत नाहीत, तेव्हा थोडक्यातच सांगतो.

घोड्याच्या कातड्यातून मला शिवलं आणि अमेरिकेत ओहायोतल्या एका बेसबॉल संघातल्या ऑटो रीडेलने मला घेतलं. त्याच्या डाव्या हातावर मी कितीतरी उन्हाळे काढले. सणसणत आलेला चेंडू आम्ही अडवला की लोक टोप्या उडवायचे. त्या काळी बॅटिंगची पाळी आली की हातमोजे कोणी बरोबर नेत नसे, मैदानातच गवतावर टाकून जात. ऑटो मात्र धावत जाऊन मला पार कुंपणाशी ठेवायचा, कुणाच्या खेळात मी मध्ये येऊ नये म्हणून.

पुढे त्याचे गुडघे कुरकुरू लागले. माझीही शिवण उसवली. मॅनेजर ग्रेडी रोज टोचायचा, "ऑटो, बर्फ वाहणाऱ्या गाडीचं घोडं तुझ्याहून बरं पळतं." ऑटो हसून सोडून द्यायचा. एके दिवशी मात्र ग्रेडी थट्टेत बोलला नाही. "आज काहीतरी करून दाखव, नाहीतर उद्या संघाबरोबर येऊ नकोस."

त्या दिवशी आमची बॅटिंगची शेवटची पाळी आली. ऑटो इतका दमला होता की कुंपणापर्यंत जायचं त्याच्या जिवावर आलं. उभा होता तिथेच त्याने मला मागे टाकलं आणि बॅट घ्यायला गेला.

फटका फार सुरेख बसला. चेंडू समोरच्या संघाच्या दोन गड्यांच्या मधून सुटला आणि सरळ माझ्याकडे आला. हलता आलं असतं तर मी हललो असतो हो. तो माझ्यावर आदळून थांबला. त्यांच्यातल्या एका गड्याने तो उचलून पहिल्या बेसकडे फेकला; ऑटो धावत तिथे पोचायच्या जेमतेम आधी चेंडू पोचला आणि ऑटो बाद झाला.

"काका, झकास अडवला तुमच्या हातमोज्यानं," तो गडी म्हणाला. "आमच्याकडे पाठवा की त्याला खेळायला."

सगळे गेले. मी गवतातच पडून होतो. मला वाटलं, आता ऑटो कशाला येतोय. पण ऑटो लंगडत आला, वाकला आणि माझ्यावरची माती झटकत म्हणाला, "चल रे म्हाताऱ्या. तू तुझं काम चोख केलंस."

संघ सुटला. पुढे तो बर्फाच्या कारखान्यात राबला, तरी दर वसंतात मला तेल चोळायचा. आता तो नाही, आणि मी खोक्यात आहे.

मित्रांनो, खेळ संपला की घरी पळण्याआधी एकदा मैदानाकडे वळून बघा. कोणी थकून तिथेच राहिलं असेल, तर त्याला उचलून बरोबर घ्या.