नामवंत टिडेमांची यादी

अकरा वर्षांपूर्वी मला एक पत्र आले होते आणि मी त्याला उत्तर दिले नाही. विसरलो असे म्हणता आले असते तर बरे झाले असते. पण मी ते विसरलो नव्हतो. ते माझ्या टेबलाच्या डाव्या कप्प्यात होते आणि तो कप्पा मी शक्यतो उघडत नसे.

पत्र दीड पानाचे, निळ्या शाईतले. लिहिणारी आल्टिना बोस्खर नावाची बाई, दक्षिणेला ड्रेंटे प्रांतातल्या गीटन गावची. तिने लिहिले होते:

“आदरणीय टिडेमा, तुमच्या कुळमंडळाची पुस्तिका माझ्या हाती पडली. ‘नामवंत टिडेमा’ हे प्रकरण दोनदा वाचले. त्यात माझी आई कशी नाही? ती हिंदरिका टिडेमा. डोलार्ड बटाट्याचे वाण तिने तयार केले. थडग्याच्या दगडावर ती टिडेमा आहे, छापील कागदावर मात्र कुठेच नाही. एकदा तरी तिला तिच्या नावाने छापलेली पाहावी, एवढीच इच्छा आहे. घाई नाही. पण मी अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे.”

ते प्रकरण माझेच होते. आमचे कुळमंडळ दर पाच-सहा वर्षांनी सप्टेंबरातल्या एका शनिवारी जमते. दीडशे-दोनशे टिडेमा चर्चच्या सभागृहात एकमेकांची नाके न्याहाळतात, मोहरीचे सूप पितात आणि पुस्तिका विकत घेतात. बाकीचे वंशवृक्ष वगैरे कोणी वाचत नाही. सगळे थेट नामवंतांवर जातात. एक चित्रकार आहे, त्याचे ढग फार सुंदर आणि गायी कुत्र्यांसारख्या. एक धर्मोपदेशक, दोन बांध-अभियंते, बर्फावरच्या शर्यतीत तिसरा आलेला एक जण, पंचांगातली चूक दाखवणारा एक शाळामास्तर, आणि देशाच्या संघातून वीस मिनिटे फुटबॉल खेळलेला एक जण. एकूण एकोणीस. नियम मीच घातला होता: ज्याचे नाव छापील मजकुरात किमान दोन वेगळ्या ठिकाणी आढळेल तो नामवंत. हा नियम मला फार न्याय्य वाटे. कोणाच्या तोंडाकडे बघून निर्णय घ्यावा लागत नसे, आणि लोकांच्या तोंडाकडे बघणे मला कधीच जमले नाही. चाळीस वर्षे मी ग्रंथालयात काढली ती त्यामुळेच.

पत्र आल्यावर मी लगेच ग्रोनिंगन शहरातल्या संग्रहालयात जाऊन शोध घेतला. वर्तमानपत्रांच्या सूचीतली टिडेमांची कार्डे तीनदा चाळली. हिंदरिका नव्हती. बियाण्यांच्या जुन्या छापील यादीत डोलार्ड बटाटा होता, पण त्यापुढे लिहिले होते: उत्पादक, वि. बोस्खर. म्हणजे नवरा.

मग उत्तर काय लिहायचे? “आपल्या आईचे नाव आढळले नाही” असे एका वृद्ध मुलीला लिहायचे? मी चार मसुदे केले. एक फार कोरडा झाला, एक फार गोड, तिसऱ्यात मी खोटे बोलत होतो, चौथा तिसऱ्याची माफी मागत होता. आठवडे गेले. मग महिने गेले. एवढ्या उशिराने पत्र लिहायचे तर आधी उशिराचे कारण द्यावे लागते, आणि माझ्याकडे कारण नव्हते. मधल्या काळात पुस्तिकेची एक आवृत्ती निघाली. त्यातही हिंदरिका नव्हती.

यंदा मी एक्याऐंशीचा आहे. नवी आवृत्ती सप्टेंबरच्या मेळाव्यासाठी निघायची होती आणि छापखान्याने तपासलेला मजकूर शुक्रवारपर्यंत मागितला होता. त्याआधीच्या सोमवारी मी स्वयंपाकघरात बसून मुद्रिते तपासत होतो. माझी बायको फ्राउके समोर बसून शेंगा निवडत होती. तिने एक पान ओढून घेतले आणि मोठ्याने नावे वाचायला लागली. एकोणिसाव्यावर थांबली.

“संपली?”

“संपली.”

“हार्म, यात बाई एकही नाही.”

“नाही सापडली.”

“दोनशे वर्षांत टिडेमांच्या घरी नुसते मुलगेच झाले काय? तुझ्या आत्याच पाच होत्या. त्यातली एक तर सुइणींच्या शाळेची मुख्य होती, लोक टोपी काढायचे तिला.”

“मी शोधलं गं.”

“कुठे शोधलंस?”

“टिडेमांच्या खणात.”

फ्राउकेने हातातली शेंग खाली ठेवली आणि ती हसायला लागली. ती हसली की खुर्चीही हलते. “अरे माझ्या पंडिता! मी जन्माने कोण?”

“मुल्डर.”

“आणि दवाखान्यात माझी फाइल कुठे असते? टिडेमांत. फ्राउके टिडेमा-मुल्डर. आधी तू, मग मी, मध्ये रेघ. पंचावन्न वर्षं मी तुमच्या खणात बसले आहे आणि मी टिडेमा नाहीच. मुल्डरांच्या खणात कुणी शोधलं तर मी मेलेय किंवा जन्मलेच नाहीये. मग तुमच्या मुली कुठे असतील?”

 चाळीस वर्षे मी स्वतः हाताने अशी कार्डे लावली होती. लग्न झालेली बाई नवऱ्याच्या आडनावाखाली जाते, तिचे माहेर रेघेच्या पलीकडे मागे राहते. हे मला ठाऊक होते, जसे आपले घर कोणत्या बाजूला आहे हे ठाऊक असते. पण शोधताना मी माहेराच्याच खणात हात घालत राहिलो. आत्याला मी नामवंत म्हणून शोधलेही नव्हते, कारण ती माझी आत्या होती.

“कोट घाल,” फ्राउके म्हणाली. “दहाची बस मिळेल.”

संग्रहालयात आता सगळे संगणकावर असते म्हणतात. मला खण बरे वाटतात. या वेळी मी बोस्खरांचा खण ओढला. तिसरेच कार्ड: बोस्खर-टिडेमा, हिं. शेतकऱ्यांचे एक साप्ताहिक, साल १९५१. मागवून घेतले. अर्ध्या पानाची बातमी होती. बाईंनी खिडकीतल्या कुंड्यांत फुलावर फूल धरून बटाट्याची झाडे जुळवली, फळांतले बी पेरले, आणि नऊ वर्षे दर हंगामाला वाईट झाडे उपटून चांगली ठेवली. नवऱ्याने अर्जावर सही केली, कारण अर्जावर सही नवऱ्याची लागे. बातमीदाराने विचारले होते, एवढा धीर कुठून आणला? बाई म्हणाल्या होत्या, “मला सात मुले आहेत. बटाटे त्या मानाने शांत असतात.”

शांतता राखायची खोली होती ती. मी मोठ्याने हसलो आणि दोन माणसांनी वळून पाहिले.

दुसरा पुरावा १९५३च्या शेतीप्रदर्शनाच्या पुस्तिकेत मिळाला, पदक मिळालेल्यांच्या यादीत. दोन झाले. मग मला राहवले नाही. मी कुळाच्या वंशवृक्षातून मुलींची सासरची आडनावे काढली आणि खण बदलत गेलो. मंगळवारी आणि बुधवारीही गेलो. सहा सापडल्या. सुइणींच्या शाळेची आत्या होती. मुक्या-बहिऱ्या मुलांसाठी शाळा काढणारी एक होती. आपल्या नवऱ्याचे जहाज नवरा आजारी असताना तीन वर्षे स्वतः चालवणारी एक होती. बुधवारी संध्याकाळी बसमधून परतताना मला इतके हलके वाटत होते, की मी चालकाला आपणहून “मोई”, म्हणजे आमच्याकडचा नमस्कार, म्हणालो. हे मी सहसा उतरताना पुटपुटतो.

पण समिती होती. गुरुवारी सकाळी चर्चच्या मागच्या खोलीत आम्ही पाच जण बसलो. अध्यक्ष माझा चुलतभाऊ राइंडर. जन्मभर ट्रॅक्टर विकले, त्यामुळे इंजिन चालू असल्यासारखाच बोलतो. चिटणीस एबेलिना, आमच्या धाकट्या पातीतली. आणि आणखी दोघे भाऊ, जे राइंडर बोलला की माना हलवतात.

“उद्या छापायला द्यायचं,” राइंडर म्हणाला, “आणि हा आज बटाटे घेऊन आला!”

“बटाटे नाही. सहा बायका.”

“कुणाच्या?”

“आपल्या.”

“ही बघ, बोस्खर. ही स्मिट. ही तर कुणी फान डाइक. हार्म, ही टिडेमांची पुस्तिका आहे. बोस्खरांना म्हणावं, तुमची तुम्ही छापा. आज सहा आल्या, उद्या प्रत्येकाची आत्या रांगेत उभी राहील. पुस्तिका बायबलएवढी होईल.”

भावांनी माना हलवल्या.

मी दीड पानाचे निवेदन लिहून आणले होते. त्यात तीन मुद्दे आणि एक तळटीप होती. कागद काढला, पण त्यात माझी चूक कुठेच नव्हती. मी तो परत खिशात घातला.

“राइंडर,” मी म्हणालो, “चूक माझी आहे. मी चुकीच्या खणात शोधत होतो. तीन आवृत्त्या तशाच काढल्या. अकरा वर्षांपूर्वी एका बाईने मला पत्रातून विचारलं होतं, माझी आई कुठे आहे. मी तिला उत्तर दिलं नाही. आता आई सापडली आहे. ती पुस्तिकेत नसेल तर त्या पत्राला मी काय लिहू, ते तू सांग.”

एवढे सलग मी समितीत कधी बोललो नव्हतो. कोणी मान हलवली नाही. एबेलिनाने पेन खाली ठेवले.

“राइंडर, इतिवृत्तावर मी सही काय करते?”

“डेकर-टिडेमा. का?”

“मग मी इथे बावीस वर्षं कोण म्हणून बसले आहे? कॉफी ओतायला?”

“तसं कोण म्हणालं!”

“तू म्हणालास. आत्ता. लिहून घेतलंय.”

“खोड ते.”

“पेनानं लिहिलंय.”

राइंडरने भावांकडे पाहिले. दोघे एबेलिनाकडे बघून माना हलवत होते. त्याने कॉफीचा कप बाजूला सारला.

“डोलार्ड बटाटा म्हणजे तोच ना?” तो शेवटी म्हणाला. आवाज खाली आला होता. “पिवळा, उकडला की फुटायचा? आमची आई दुसरा घरात येऊ द्यायची नाही. आणि तो आपल्या पोरीने केला?”

“नऊ वर्षं घालवून.”

“मग तिला पहिली घाल! चित्रकाराच्या गायी तशाही कुणाला आवडत नाहीत.”

“यादी जन्मसालाने आहे, राइंडर.”

“मग असू दे कितवी ती. पण माझा फुटबॉलवाला राहील. वीस मिनिटं तर वीस मिनिटं.”

“त्याला कोण काढतंय?”

“लिही,” तो एबेलिनाला म्हणाला. “एकमताने मंजूर.”

बाहेर पडताना मी एबेलिनाला हळूच विचारले. तीन दिवस जे विचारायला मी भीत होतो तेच. गीटनची आल्टिना बोस्खर अजून आहे का, हे तिला कुठून कळू शकेल?

“आल्टिना? माझी नणंद तिच्याबरोबर बुधवारी पत्ते खेळते. एकोणनव्वद पूर्ण. ऐकू कमी येतं, पण समोरच्याची पानं बरोबर दिसतात. जा, लिही तिला. आणि तळटिपा घालू नकोस.”

घरी जाऊन मी लिहायला बसलो. पहिल्या मसुद्यात उशिराबद्दलची क्षमायाचना पाऊण पान झाली. फ्राउकेने खांद्यावरून वाचले आणि म्हणाली, “ती एकोणनव्वद वर्षांची आहे. तुझी लाज वाचण्यात तिचा वेळ घालवू नकोस. आईचं आधी सांग.”

मग मी असे लिहिले:

“आदरणीय बोस्खर बाई, आपली आई सापडली. ‘नामवंत टिडेमा’ प्रकरणात ती चौदावी आहे: हिंदरिका टिडेमा, बटाट्याच्या वाणाची निर्माती. सोबत हाताने दुरुस्त केलेले मुद्रिताचे पान आणि १९५१च्या बातमीची प्रत जोडली आहे. बातमीत त्यांनी आपल्याबद्दलही, म्हणजे सातही मुलांबद्दल, एक वाक्य म्हटले आहे, ते जरूर वाचावे. मी अकरा वर्षे चुकीच्या ठिकाणी शोधत राहिलो आणि ते सांगायला लाजलो. दोन्हींसाठी क्षमा करावी. सप्टेंबरच्या मेळाव्याला आलात तर आपल्याला न्यायला माझा चुलतभाऊ गाडी घेऊन येईल. तो मोठ्याने बोलतो, ते आपल्याला सोयीचे पडेल. आपला, हार्मानुस टिडेमा.”

गाडीचे मी राइंडरला अजून विचारले नव्हते. पण तो नाही म्हणणार नाही अशी माझी खात्री होती, आणि अशी खात्री मला क्वचितच वाटते.

पाकिटावर नाव लिहिताना मी थांबलो. सरळ आल्टिना बोस्खर लिहावे, की रेघ मारून पुढे आणखी काही? तिने लग्न केले होते का, हे मला माहीत नव्हते. तिने सही जशी केली होती तसेच लिहिले.

संध्याकाळचे ऊन अजून बांधावर होते. कोपऱ्यावरच्या नारिंगी टपालपेटीला दोन फटी आहेत, डावी जवळच्या गावांसाठी, उजवी बाकी देशासाठी. मी पत्त्यातल्या पिनकोडचे आकडे पेटीवरच्या आकड्यांशी दोनदा ताडून पाहिले. गीटन उजवीकडे. शेजारचा पीटर कुत्रा घेऊन येत होता, तो म्हणाला, “मोई हार्म, काही अडलंय का?”

“नाही,” मी म्हणालो, आणि पाकीट उजव्या फटीत सोडले.